मधले अंतर आणि वरचा पाऊस : महाराष्ट्राच्या वास्तू समजून घेताना

महाराष्ट्रातल्या एखाद्या वास्तूचे कौतुक करताना आपण बहुधा दोनच गोष्टी सांगतो : ती किती जुनी आहे आणि ती कोणी बांधली. ती तशीच का दिसते, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. जुन्या देवळाच्या मंडपात खांबांची एवढी दाटी का असते, वाड्यातल्या खोल्या लांबट आणि अरुंद का असतात, मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर प्रत्येक मजल्यावर आडव्या पट्ट्या कशासाठी काढल्या आहेत, असे प्रश्न विचारू लागलो की काळ आणि शैली कितीही बदलल्या तरी दोन अडचणी पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली अडचण अशी की दोन आधारांमधले मोकळे अंतर वरून झाकायचे कसे. आणि दुसरी अशी की चार महिने कोसळणाऱ्या पावसाचे करायचे काय. नक्षी, शिल्पे, कळस आणि मनोरे यांचे स्थान मोठे आहेच, पण वास्तूचा सांगाडा या दोन उत्तरांतून ठरतो, आणि ती उत्तरे ओळखता आली की अजिंठ्यापासून आजच्या मुंबईपर्यंतच्या इमारती एका ओळीत वाचता येतात.

पहिली अडचण समजण्यासाठी दगडाचा स्वभाव माहीत हवा. दगड दाब उत्तम सोसतो. त्याच्यावर कितीही ओझे रचले तरी तो सहजासहजी चिरडत नाही. मात्र त्याची लांब शिळा दोन खांबांवर आडवी ठेवली की तिचा मधला भाग स्वतःच्याच वजनाने किंचित वाकू पाहतो, खालची कड ताणली जाते, आणि ताण हा दगडाला सोसत नाही. म्हणून दगडी तुळईची लांबी वाढत गेली की ती तडकण्याची भीती वाढते. लाकूड ताण बऱ्यापैकी सोसते, पण झाडाच्या उंचीपलीकडे त्याची लांबी जात नाही, आणि ते कुजते व जळते. लोखंड ताणाला पक्के असते, पण ते गंजते. बांधकामाचा बराचसा इतिहास हा या तीन पदार्थांच्या मर्यादांशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

डोंगरच कोरायचा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर, उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्हारसापासून तयार झाला. हा रस एका वेळी न येता थरावर थर पसरत गेला, आणि सह्याद्रीचे कडे दुरून पायऱ्यांसारखे दिसतात ते त्यामुळेच. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, मधला भाग घट्ट असतो, आणि दोन थरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीची पट्टी सापडते. लेणी कोरणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. घट्ट थर किती जाड आहे आणि भेगा कुठे आहेत हे पाहून ते जागा निवडत. मधले अंतर झाकण्याच्या अडचणीवर लेणे हे सर्वांत थेट उत्तर आहे, कारण इथे छत बांधायचेच नसते. डोंगर आधीच डोक्यावर आहे. त्याच्या पोटातला नको तेवढा भाग काढायचा, इतकेच काम.

हे काम कसे होई, ते अजिंठ्याच्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा चांगले दिसते. चोविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात पाथरवटांनी आधी दगडात समांतर चर खणले आहेत, दोन चरांच्या मध्ये दगडाच्या भिंती सोडल्या आहेत, आणि नंतर त्या भिंती फोडून जागा मोकळी करत नेली आहे. काही खांब पूर्ण घडलेले, काही नुसते चौकोनी ठोकळे, आणि छिन्नीचे घाव कालच घातल्यासारखे स्पष्ट. रंगवलेल्या लेण्यांपुढे पर्यटकांची रांग असते आणि इथे कोणी थांबत नाही, याचे वाईट वाटते. लेणे म्हणजे काय हे कळायला याहून चांगली जागा नाही.

भाजे आणि कार्ले इथली चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली बौद्ध प्रार्थनागृहे, आणखी एक गंमत दाखवतात. छताला खांबांची गरज नसतानाही तिथे खांबांच्या रांगा कोरल्या आहेत, आणि भाजे इथले खांब तर आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी मंडपात वरच्या कमानीचा बाहेरच्या दिशेने येणारा जोर पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवावे लागत. दगडात त्याची गरज उरली नाही, पण कारागिरांच्या हाताला तेच रूप ठाऊक होते. कार्ल्याच्या छताला तर खरोखरच्या लाकडी कमानी बसवल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. त्या कशाचेही वजन पेलत नाहीत. वैजयंती नगराच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, तिथल्या शिलालेखात हे शैलगृह जंबुद्वीपात, म्हणजे सगळ्या भारतभूमीत, उत्तम असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि आत उभे राहिल्यावर त्याचा अभिमान अनाठायी वाटत नाही.

पावसाचे काय करायचे, याचे लेण्यांमधले सर्वांत विचारपूर्वक उत्तर मुंबईतल्या कान्हेरीला मिळते. शंभराहून अधिक लेण्यांच्या या वसाहतीत कातळावर कोरलेल्या बारीक पन्हळी दिसतात. उतारावरून येणारे पाणी दारात न येता बाजूने वळते आणि लेण्याच्या अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात जाऊन पडते. जे संकट होते तेच उन्हाळ्यातले पिण्याचे पाणी झाले.

वेरूळचे कैलास लेणे, म्हणजे क्रमांक सोळा, या सगळ्या परंपरेच्या पुढे एक पाऊल जाते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झाले असे मानले जाते. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर घेऊन मधे एक प्रचंड शिळा सुटी केली गेली आणि तिच्यातून मंदिर घडवले गेले. काम वरून खाली झाले, म्हणजे कळस आधी आणि जोते शेवटी. बांधकामात चूक झाली तर दगड बदलता येतो. इथे एकदा उडवलेली कपची परत येत नाही. म्हणून सगळ्या उंचीचे आणि रुंदीचे गणित पहिल्या घावाच्या आधी ठरलेले असणे भाग होते.

खांबांची दाटी आणि कमानीची मोकळीक

मोकळ्या जागी दगड रचून देऊळ बांधायचे म्हटले की मधल्या अंतराची अडचण पुन्हा उभी राहते. चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत खाचा करून बसवायची पद्धत महाराष्ट्रात हेमाडपंती म्हणून ओळखली जाते. ज्याच्या नावावरून ती ओळखली जाते तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, १०६० सालचे. म्हणजे पद्धत त्याच्या नावाहून जुनी आहे. या देवळांत आडव्या शिळांची लांबी मर्यादित ठेवावी लागते, म्हणून खांब जवळजवळ येतात. चार खांबांमधला चौकोन झाकण्यासाठी कारागीर चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवतात. त्यामुळे आत एक लहान, फिरलेला चौकोन तयार होतो. त्यावर पुन्हा तशाच तिरप्या शिळा ठेवल्या की चौकोन आणखी लहान होतो, आणि शेवटी उरलेले भोक एका कमळ कोरलेल्या दगडाने बंद होते. पुढच्या वेळी एखाद्या जुन्या देवळाच्या मंडपात गेल्यावर मान वर करून हे चौकोन मोजावेत.

सिन्नरचे गोंदेश्वर हे या घराण्यातले अत्यंत देखणे देऊळ. मध्ये मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरे अशी त्याची पंचायतन रचना आहे, आणि त्याचे शिखर भूमिज प्रकारचे आहे, म्हणजे शिखराच्या अंगावर त्याच्याच लहान प्रतिकृतींच्या ओळी वरपर्यंत चढत जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात अंतर झाकण्याच्या प्रश्नाला वेगळेच उत्तर दिसते : स्वर्गमंडपात खांबांच्या वर्तुळावर मधला गोल उघडाच आहे आणि त्यातून थेट आकाश दिसते.

पूर्व विदर्भात गेल्यावर मात्र पायाखालचा दगडच बदलतो. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठावर असलेली मार्कंडा येथील मंदिरे वालुकाश्मात आहेत. हा दगड बेसॉल्टपेक्षा मऊ असल्याने तिथली शिल्पे अधिक दाट आणि अधिक नाजूक आहेत. काळ्या पाषाणात तितके बारीक काम करायचे तर हात अधिक वेळ झिजवावा लागतो.

कमान आली तेव्हा दगडाची मूळ अडचण सुटली. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो. ताण कुठे येतच नाही, आणि जे दगडाला उत्तम जमते तेवढेच त्याच्याकडून करून घेतले जाते. कमान गोल फिरवली की घुमट होतो. त्याची किंमत एवढीच की कमान आपल्या दोन्ही पायांना बाहेर ढकलत असते, म्हणून तिच्या बाजूच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात. बहमनी आणि त्यानंतरच्या सुलतानांच्या काळात चुन्यात बांधलेल्या कमानी आणि घुमट दख्खनमध्ये रुळले, आणि पुढे मराठ्यांच्या देवळांनी, समाध्यांनी आणि वाड्यांनीही ते आपलेसे केले. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा हा १६६० च्या सुमाराचा. त्याला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून हिणवण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागालाच वापरून बाकीचे बांधकाम इथल्याच दगडात करायचे आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा चढवायचा, हा दख्खनी कारागिरीचा स्वतंत्र नमुना आहे, आणि तो गिलावा जवळून पाहण्यासारखा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावची बारा मोटेची विहीर या कमानींचा वेगळा उपयोग दाखवते. शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) या काळात विरुबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. आकार अष्टकोनी, पायऱ्या उतरून गेल्यावर कमानींवर पेललेला एक छोटा महाल, आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. बाहेर ऊन रणरणत असताना हा महाल गार असतो, कारण त्याच्या एका अंगाला पाणी आणि बाकीच्या बाजूंना माती आहे.

गडकोट

किल्ल्यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे केवळ बांधणीपुरते बोलणे बरे. बेसॉल्टच्या थरांमुळे सह्याद्रीला उभे कडे मिळाले, आणि गड बांधणाऱ्याला निम्मी तटबंदी आयती मिळाली. जिथे कडा तुटतो तिथेच तट घालायचा. पाणी आधी पाहावे आणि मग गड बांधावा, असे आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात बजावले आहे. गडावरची टाकी खोदताना निघालेला दगड तटालाच वापरता येई. रायगडाच्या महादरवाजासारखे गोमुखी दरवाजे दोन बुरुजांच्या कवेत वळून लपवलेले असतात. शत्रूला दार दुरून दिसत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही, आणि दारापर्यंत पोहोचणाऱ्यावर दोन्ही बाजूंनी मारा होतो. रायगडाची बांधणी करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी गडावरच्या जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर आपले नाव कोरून ठेवले. बांधणाऱ्याचे नाव वास्तूवर सापडणे आपल्याकडे इतके दुर्मीळ आहे की ती पायरी पाहिल्याशिवाय रायगड उतरू नये. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी.

खणांत मोजलेले घर

वाड्याच्या सांगाड्यात दगड जोत्यापुरता आणि तळमजल्यापुरता. वरचे सगळे लाकूड आणि वीट. दोन खांबांमधले अंतर लाकडी तुळईच्या लांबीवर अवलंबून असे, आणि या अंतराला खण म्हणत. घर किती मोठे हे चौरस फुटांत न सांगता किती खणांचे, असे सांगितले जाई. खोली लांब करायची तर खण वाढवता येत, पण रुंद करायची तर तुळई लांब लागे. वाड्यातल्या खोल्या लांबट होण्याचे कारण हे. खोल्या रुंद करता येत नाहीत म्हणून त्या चौकाभोवती रचायच्या, आणि उजेड, वारा व पागोळ्यांचे पाणी तिन्ही त्या चौकात उतरवायचे. देवडी, चौक, सोपा, माजघर हा क्रम पाहुण्याच्या ओळखीप्रमाणे त्याला किती आत घ्यायचे हेही ठरवत असे.

पुण्याचा शनिवारवाडा हे या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत दुर्दैवी उदाहरण. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत आतले लाकडी मजले जळून गेले. आज उरले आहेत ते दगडी जोती, तटबंदी आणि दिल्ली दरवाजासह तटातले दरवाजे. वरचे मजले कसे असतील याची कल्पना करायची तर जवळच्या विश्रामबाग वाड्यात जावे, तिथले सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरीव खांब पाहावेत.

घराचे छप्पर पाऊस ठरवतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून छप्पर उताराचे, कौलारू, आणि भिंतींच्या बरेच पुढे आलेले. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. जांभा खाणीतून काढताना हत्याराने कापता येईल इतका मऊ असतो आणि हवेत राहिल्यावर कठीण होतो. घाट ओलांडून सोलापूर-अहिल्यानगरकडे गेल्यावर पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो आणि घरावर धाब्याचे सपाट मातीचे छप्पर दिसू लागते, कारण तिथे पाण्यापेक्षा उन्हाशी सामना अधिक असतो आणि जाड माती उष्णता आत येऊ देत नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात घराचे रूप इतके बदलते, आणि ते कोणत्याही राजाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसते.

गॉथिक मुंबई आणि लोखंडाची सुरुवात

१८६० च्या दशकात कापसाच्या तेजीने मुंबईत पैसा आला, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारती उभ्या राहिल्या. शैली इंग्लंडमधली, टोकदार कमानींची गॉथिक, पण इथल्या पावसाने आणि उन्हाने तिला बदलायला लावले. विलायतेतल्या गॉथिक इमारतीला खोल व्हरांडे नसतात. मुंबईच्या इमारतींना मजल्या-मजल्यावर कमानींचे व्हरांडे आहेत, आणि आतल्या भिंतींना ना थेट ऊन लागते ना झड. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत. तरी १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा मुंबईचा झाला, आणि तो ज्यांच्या नावाने आहे त्या राजाबाई म्हणजे देणगी देणारे प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षांनी पूर्ण झाले. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. कोरीव कामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा. रोज लाखो लोक लोकल पकडण्याच्या घाईत या इमारतीखालून जातात आणि मान वर करायला कोणाला सवड नसते. पण भिंतींवर कोरलेली माकडे, मोर, पाने आणि माणसांचे चेहरे हे गॉथिक इमारतीवर इथल्या हातांनी लिहिलेले आहेत. या काळातल्या इमारतींचे रंगही पाहावेत : कुर्ला आणि मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा फिकट चुनखडक आणि मधून काळा पाषाण. गेटवे ऑफ इंडिया पिवळसर दिसते, पण तिचा दगडही बेसॉल्टच आहे.

याच काळात मधल्या अंतराच्या प्रश्नाला नवे उत्तर शांतपणे मुंबईत उतरले होते. काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी खांब-तुळयांचे सुटे भाग जहाजाने आणून उभी केली गेली. भिंतींवर भार न टाकता सांगाड्यावर मजले पेलायचे, ही आजच्या प्रत्येक उंच इमारतीची पद्धत. वॉटसनची ती इमारत आज जर्जर अवस्थेत आहे.

सळई घातलेला दगड

काँक्रीट म्हणजे एका अर्थी साच्यात ओतलेला दगडच, आणि त्याला दगडाचीच खोड आहे : दाब सोसतो, ताण सोसत नाही. त्याच्या ताणल्या जाणाऱ्या भागात पोलादी सळ्या घातल्या की ताण सळई घेते आणि दाब काँक्रीट घेते. एवढ्या एका युक्तीने तुळया लांब झाल्या, भिंतीतून बाहेर झेपावणारे सज्जे शक्य झाले आणि इमारतीचे कोपरे खांबाशिवाय वळू लागले. १९३० च्या दशकात समुद्र हटवून मिळवलेल्या बॅकबेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको या त्या काळच्या नव्या पाश्चात्त्य शैलीतल्या इमारतींचा आनंद या नव्या मोकळिकीचा आनंद आहे. गोलाकार कोपरे, जहाजाच्या कठड्यांसारखे कठडे, आणि खिडक्यांवर कोपऱ्यावरून वळत जाणारे छज्जे. हेच छज्जे म्हणजे त्या आडव्या पट्ट्या. त्या शोभेच्या वाटतात, पण खिडकी पावसात उघडी ठेवता यावी हे त्यांचे काम आहे.

छज्जाच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेजवळ, एक बोटभर रुंदीची खाच असते. पाणी कडेवरून खाली आले की ते सरळ पडत नाही. खालच्या पृष्ठभागाला चिकटून भिंतीकडे सरकते आणि भिंत ओली करते. खाचेपाशी आल्यावर मात्र त्याला पुढे चिकटायला जागा उरत नाही आणि ते थेंब होऊन खाली पडते. नव्या इमारतींत ही खाच गाळलेली किंवा रंगाने बुजवलेली असते, आणि मग भिंतीवर काळे ओघळ उमटतात.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेला गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको आणि मध्ये क्रिकेट, असा देखावा फार कमी शहरांना लाभतो. २०१८ मध्ये या परिसरातल्या ९४ इमारती युनेस्कोच्या यादीत आल्या. या इमारती बहुतांशी भारतीय वास्तुरचनाकारांनी भारतीय मध्यमवर्गासाठी आखल्या. गजानन बाबुराव म्हात्रे हे त्यांतले एक मोठे नाव. फोर्टमधल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या १९३६ च्या इमारतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवलेल्या भव्य आकृती आहेत. रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावरून त्या पाहाव्यात.

कांचनजंगा ते गोराई

मुंबईत उंच इमारत बांधताना एक पेच ठरलेला आहे. वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेकडून मिळते, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिथूनच येते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत आखलेल्या आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा या इमारतीत या पेचाला उत्तर म्हणून घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे, खांब नसलेले मोकळे सज्जे सोडले आहेत. राहण्याच्या खोल्या त्यांच्या आड थोड्या मागे आहेत, आणि ऊन-पावसाचा मारा सज्जावर थांबतो. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी अठ्ठावीस मजल्यांच्या इमारतीत वर नेला, असे म्हणता येईल. ही घरे श्रीमंतांची होती, हे खरे. त्याच सुमारास कोरिआ यांनी नवी मुंबईत बेलापूरला कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी चौकाभोवती लहान घरांचे गट आखले, ज्यांत शेजाऱ्याशी सामाईक भिंत नसल्याने प्रत्येकाला आपले घर पुढे वाढवता यावे. लोकांनी ते इतके वाढवले की मूळ आराखडा आता शोधावा लागतो. मला तो आराखड्याचा पराभव वाटत नाही.

पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था कोरिआ यांचीच. तिच्या भिंती काळ्या आहेत : खाली काळा पाषाण, त्यावर कडप्पा दगड आणि वर झिलई दिलेला काळा ग्रॅनाइट, म्हणजे अवकाशाच्या काळोखाची एकेक छटा. मध्यभागी पायऱ्यांचे कुंड आहे, आणि त्याच्या कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १९५६ च्या धम्मदीक्षेच्या जागेवर उभा आहे आणि त्याचे लोकार्पण २००१ मध्ये झाले. जुने स्तूप भरीव असत. कार्ल्याच्या चैत्यगृहातला स्तूपही आतून भरीव दगडच आहे. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, आणि सुमारे १२० फूट व्यासाच्या घुमटाखाली माणसे एकत्र बसू शकतात. ज्या वास्तूभोवती प्रदक्षिणा घालायची तिच्या आतच लोकांना घेतले गेले. वास्तुरचनाकार श्योदानमल यांचा हा आराखडा महाराष्ट्रातल्या आधुनिक वास्तूंमध्ये लोकांच्या प्रेमाला सर्वाधिक पात्र ठरला आहे, असे माझे मत आहे.

मुंबईजवळ गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ मध्ये खुला झाला. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ८५ मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. तो पोलादाच्या सांगाड्यावर पेललेला नाही. दगड एकमेकांत अडकतील असे घडवून चुन्यात बसवले आहेत. दगड एकमेकांत अडकवण्याची ही पद्धत अंबरनाथच्या कारागिराला ओळखीची वाटली असती, चुना आणि अंतर मात्र नाही.

दुरुस्ती आणि कायदा

चुना आणि सिमेंट यांतला फरक जुन्या वास्तूंच्या बाबतीत जीवनमरणाचा असतो. दगडी चाकाच्या घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडीद असे पदार्थ घातले जात. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडक होतो, पण थोडा मऊ आणि थोडा सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडते. अशा भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले की ओल आतच कोंडते, विटेतून किंवा मऊ दगडातून वाट काढते, तिथे क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सांधा शाबूत आणि दगड खंगलेला, हे दृश्य सिमेंटने डागडुजी केलेल्या कितीतरी देवळांत दिसते. त्यावर ऑइल पेंट दिला की नुकसान पूर्ण होते.

कायद्याचे संरक्षण साधारण दोन वाटांनी मिळते. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. हे अंतराचे नियम २०१० च्या दुरुस्तीने कडक झाले. राज्याचाही १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. दुसरी वाट महापालिकांच्या वारसा याद्यांची. मुंबईसाठी १९९५ मध्ये असे नियम आले आणि इमारतींच्या श्रेणी ठरल्या : पहिल्या श्रेणीत आयुष्य वाढवण्यापुरतीच दुरुस्ती, दुसरीत आतले बदल शक्य पण बाहेरच्या रूपावर लक्ष, तिसरीत बऱ्याच बदलांना वाव. यादीत नाव आले म्हणजे दुरुस्तीचा पैसा मिळतो असा समज आहे. तो बहुतेक वेळा खोटा ठरतो, आणि म्हणूनच पुष्कळ मालकांना यादी ही शिक्षा वाटते.

आधुनिक वास्तूंची स्थिती याहून अवघड आहे. १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. दिल्लीतले १९७२ चे हॉल ऑफ नेशन्स ही काँक्रीटच्या बांधणीतली जगभर वाखाणली गेलेली इमारत होती. वारशासाठी ती पुरेशी जुनी नसल्याचे कारण पुढे आले आणि २०१७ मध्ये ती पाडली गेली. आर्ट डेकोच्या बहुतेक इमारतींना शंभरी गाठायला अजून काही वर्षे आहेत. कांचनजंगाने या कायद्याची वाट पाहायची ठरवली तर २०८३ साल उजाडेल, आणि तोपर्यंत तिच्या कोपऱ्यांतले सज्जे काचेने बंद होतात की मोकळे राहतात हे तिथे राहणाऱ्यांवर आणि त्यांच्या सोसायटीच्या ठरावांवर अवलंबून आहे.